तिरकमठ्याची घोटाई

विजयादशमीच्या दिवशी सावरगावातील जुन्या मराठी घरांत शस्त्रपूजन होते. पाटावर वस्त्र अंथरून त्यावर तलवार, कट्यार, एखादा भाला मांडतात. पुढच्या पिढ्यांनी त्यांत विळी, कोयता, वही-लेखणी आणि आता मोटारीची किल्लीही आणून ठेवली आहे. आमच्या घरी या मांडणीत एक तिरकमठा असे. साडेतीन हात लांबीचा, बांबूचा, धुराने व तेलाने काळसर तपकिरी झालेला. तलवार कोणाची, ती कोणत्या स्वारीत होती, तिच्या मुठीवरचे काम कोठले, हे सारे घरात लहानथोरांस तोंडपाठ होते. तिरकमठा कोणी केला, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारीतही नसे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा तिरकमठाच आहे. त्यातही विशेषतः त्याच्या अंगावरची गुळगुळीत घोटाई. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ही घोटाई म्हणजे नेमके काय, हे न समजल्यामुळे आमच्या हातून त्या वस्तूचा नाश झाला, आणि तो झाल्यावरच आम्ही तिच्या इतिहासाकडे वळलो. म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या आयुधास धनुष्य, कमान, कमठा, कामठा अशी नावे आहेत. 'तीर' आणि 'कमान' हे फारसीतून आलेले. आज कमान म्हटली की आपल्याला वाड्याच्या दरवाजाची कमान आठवते, किंवा घड्याळातली व गाडीखालची. वाकून पुन्हा मूळ जागी येणे हा गुण शब्दात टिकून राहिला, शस्त्र मात्र विस्मरणात गेले. सातपुड्याच्या पश्चिम भागातील भिल्ल आपल्या धनुष्यास 'कामठी' म्हणतात. 'भिल्ल' हे नावच द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक 'विल्' या शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार पदार्थ सांगितले आहेत: ताल, चाप म्हणजे एका जातीचा वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीचे पदार्थ सांगताना मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेणु आणि स्नायू अशी यादी दिली आहे. यातील 'वेणु' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. बांबूच्या धनुष्याला बांबूचीच दोरी, ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे. सिकंदराचा नौदल अधिकारी निआर्कस याने हिंदी पायदळाचे वर्णन केले होते, ते एरियन या ग्रंथकाराने जतन करून ठेवले आहे. त्यात धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असून ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत, असे म्हटले आहे. म्हणजे लांब, साधे, वेळूचे वा लाकडाचे धनुष्य हे या भूमीचे फार जुने आयुध होय.

मध्ययुगात त्याच्या जोडीस दुसरे धनुष्य आले. तुर्क-मोगल स्वारांची कमान आखूड असे. मध्ये लाकडाचा गाभा, पोटाकडून शिंगाची पट्टी, पाठीकडून जनावराच्या स्नायूंचे थर, आणि हे सर्व सरसाने जोडलेले. तिच्यावर रोगण आणि रंगीत वेलबुट्टी असे. ही कमान दिसायला अतिशय देखणी. परंतु आपल्या पावसाळ्यात सरस ओल धरतो व थर सुटू लागतात. तिची तुळतुळीत रोगणाची कातडी शोभेसाठी होती, तशीच ओल बाहेर ठेवण्यासाठीही होती. हिंदुस्थानात पुढे पोलादी धनुष्ये घडविली गेली. ती ओढीला कमी, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवली तरी हवेने बिघडत नसत. उलट डोंगरातल्या माणसाच्या बांबूच्या धनुष्यात सरस नव्हता, थर नव्हते, सांधा नव्हता. त्याला पावसाळ्याचे भय तुलनेने थोडे. दरबारी चित्रांत मात्र कमानच दिसते, कमठा दिसत नाही.

आपला प्रदेश हा कमठ्याचा प्रदेश. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून जी गोटमार होते, तिच्यामुळे आपली गावे दूरवर ओळखली जातात, आणि त्या ओळखीबद्दल आपल्या मनात अभिमान व खंत दोन्ही असतात. परंतु या गावांच्या उत्तरेस जे डोंगर उठतात, त्यांतील इतिहास दगडगोट्यांपेक्षा मोठा आहे. देवगडचे गोंड राज्य तेथले. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात जाटबा या गोंड जमीनदाराचा उल्लेख असून त्याच्यापाशी दोन हजार घोडेस्वार आणि पन्नास हजार पायदळ असल्याचे म्हटले आहे. आकडा फुगविलेला असू शकेल. तथापि डोंगरातल्या एवढ्या पायदळास पुरेसे लोखंड कोठून मिळणार? त्यांच्यातील बहुतेकांच्या हाती वेळूचाच तिरकमठा असला पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

त्याच घराण्यातील बख्त बुलंद याने 1702 च्या सुमारास नागपूर वसविले. पुढे चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर, 1739 साली, वारसाच्या तंट्यात रघूजी भोसले यांना पाचारण करण्यात आले आणि 1743 पर्यंत राज्याची सूत्रे भोसल्यांकडे आली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या प्रदेशात आले ते या काळात किंवा त्यानंतर. कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी मालगुजार म्हणून. आपण आपल्या घराण्यांचा इतिहास सांगताना येथूनच आरंभ करतो, जणू त्याआधी हा मुलूख ओसाड होता. पण 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, 1818 साली आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो महादेवाच्या डोंगरात, गोंडांपाशी. राज्य गेलेल्या राजाच्या पाठीशी त्या वेळी जे उभे राहिले, त्यांच्यापाशी तोफा नव्हत्या. आमच्या घरातला तिरकमठा अशाच कोणत्या तरी संबंधातून आला असावा. भेट म्हणून, मोबदला म्हणून, की आणखी कशी, हे सांगणारा कागद आमच्या दप्तरात नाही.

आता त्याच्या घडणीकडे वळू. कॅप्टन जेम्स फोर्साइथ या वनाधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ 1871 साली प्रसिद्ध झाला. त्यात सातपुड्याच्या पूर्वेकडील बैगांच्या धनुष्यांबद्दल तो लिहितो की, ती दोरीसकट संपूर्ण बांबूची असून अतिशय नीटस आहेत आणि आकाराच्या मानाने त्यांची शक्ती आश्चर्यकारक आहे. बाणाला मोराचे पीस लावीत, असेही तो नोंदवितो. कौटिल्याच्या यादीतला 'वेणु' दोन हजार वर्षांनी जंगलात जिवंत होता, तो असा. फोर्साइथला नीटसपणा दिसला. तो कशाने येतो हे त्याने सांगितले नाही.

ते आम्हांस एका वृद्ध गोंड कारागिराकडून समजले. शासकीय सेवेत असताना उत्तरेकडील डोंगरात आमचे जाणे-येणे असे. निवृत्तीनंतर मोडलेला तिरकमठा घेऊन आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितले ते क्रमाने देतो.

आपल्या जंगलात मानवेल आणि कटांग असे दोन बांबू मुख्य. मानवेल बारीक पण भरीव, कटांग जाड व काटेरी. धनुष्यासाठी निदान तीन पावसाळे पाहिलेला बांबू घ्यावा. कोवळा वाकतो पण परत उठत नाही. तो पावसाळा संपून थंडी पडल्यावर, वद्य पक्षात तोडावा, अशी रीत आहे. शास्त्राच्या दृष्टीने पाहता, या दिवसांत बांबूतले पीठ कमी झालेले असते, म्हणून भुंगा कमी लागतो. जेथे लाकडाचे धनुष्य करायचे तेथे धामण घेतात. कावडीचा दांडा आणि कुऱ्हाडीचा दांडा ज्या लाकडाचा, तेच हे लाकूड; भार घेऊन वाकते आणि भार उतरताच सरळ होते.

बांबू करवतीने कापून पट्टी काढायची नसते. तो फोडायचा असतो, म्हणजे फाट धाग्याच्या वाटेनेच जाते. फोडलेली पट्टी सावलीत वाळवावी, मग निखाऱ्यावर तेलाचा हात देत शेकून सरळ करावी. बांबूची सर्वांत चिवट शक्ती त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीलगतच्या थरात असते. आत जावे तसा तो भुसभुशीत होत जातो. म्हणून पोटाकडची बाजू तासायची, पाठ तासायची नाही. धनुष्य ओढले की पाठीवर ताण येतो आणि पोट दाबले जाते. ताण सोसणारे धागे अखंड राहिले पाहिजेत.

तासणे झाले की सुरी उभी धरून खरवडणे. तासण्याने चकती निघते, खरवडण्याने पीठ निघते; शेवटचा आकार पिठानेच येतो. मधून मधून धनुष्य जमिनीला टेकवून वाकवायचे आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही ते पाहायचे. जेथे ताठ, तेथे पोटाकडून खरवडायचे. हा समतोल साधेपर्यंत घोटाईस हात लावायचा नाही. आधीच घोटले तर पुढच्या खरवडण्यात ती मेहनत वाया जाते, हे एक. आणि चकाकी आली की हाताला ती मोडवत नाही, मग माणूस ताठ जागा तशीच ठेवतो, हे दुसरे.

त्यानंतर कडा. धनुष्य मोडते ते बहुधा कडेपासून. तीक्ष्ण कडेवर धागा सुटतो, सुटलेला धागा उभा राहतो, त्याच्याखाली फट पडते, फटीत ओल शिरते. म्हणून चारही कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या गोल करायच्या. मग घासणे. यासाठी डोंगरातल्या माणसाचा पॉलिशपेपर म्हणजे पारिजातकाचे पान. आपण पारिजातक देवाच्या फुलांसाठी अंगणात लावतो. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर तो रानोमाळ वाढतो, आणि त्याच्या पानाच्या पाठीवरून हात फिरविला तर ते कानशीसारखे खरखरीत लागते. लाकूड व हस्तिदंत घोटण्यासाठी या पानांचा उपयोग हिंदुस्थानात पूर्वापार होत आला आहे. ताज्या पानाने आधी, सुकलेल्याने नंतर, आणि नेहमी धाग्याच्या दिशेने. आडवे घासल्यास जे ओरखडे पडतात, ते वाकण्याच्या रेषेला काटकोनात असतात आणि पुढे तेथेच तडा जातो.

एकदा घासून गुळगुळीत झाले की ओले फडके फिरवायचे. हे आम्हांस चमत्कारिक वाटले. पण पाण्याने दबलेले तंतू फुगून उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा पानाने काढायचे. असे दोन-तीन वेळा केले की पहिल्या पावसात धनुष्य खरखरीत होत नाही. शेवटी कारागीर सावरीच्या कापसाचा एक पुंजका धनुष्यावरून अलगद ओढीत नेत. जेथे कापूस अडकतो तेथे धागा सुटलेला आहे. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, कापसाला कळतो. सावर म्हटली की आम्हांस आमच्या गावाचे नाव आठवते. तिचे लाकूड इतके मऊ की धनुष्याच्या कामास निरुपयोगी; पण तिच्या कापसावाचून धनुष्य पूर्ण होत नाही, हे आम्ही साठी उलटल्यावर शिकलो.

तेल जवसाचे. जवसाचे तेल हवेत हळूहळू सुकून पातळ पापुद्रा धरते. मोहाच्या टोळीचे तेल सुकत नाही, ते केवळ चोपडे ठेवते. तेल तळहाताने चोळायचे, हात गरम होईपर्यंत, आणि धनुष्य चुलीच्या वर आढ्याला टांगून ठेवायचे. धुराने भुंगा लागत नाही व रंग येतो. पळसावर व कुसुमावर मिळणारी लाख फक्त मुठीच्या जागी लावायची. बाहूंवर नाही, कारण लाख ठिसूळ, वाकणाऱ्या अंगावर ती तडकते आणि तिच्या तड्यांतून ओल आत जाते.

येथे दूरदेशीचे एक उदाहरण आठवते. इंग्लंडचे 'मेरी रोझ' नावाचे युद्धनौकेचे जहाज 1545 साली बुडाले व 1982 साली समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यात यू वृक्षाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. योगायोग असा की, त्याच 1545 साली रॉजर ॲस्कम या विद्वानाचा धनुर्विद्येवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. धनुष्य रोज मेण लावलेल्या लोकरी फडक्याने चोळावे, म्हणजे त्याला चकाकी येते आणि वरच्या टणक झालेल्या थरामुळे ओल शिरत नाही, असे त्याने सांगितले आहे. तेथे मेण आणि लोकर, येथे जवस आणि तळहात. दोन्हीकडे चकाकी ही निगेची खूण आहे, अलंकार नव्हे. फरक इतकाच की, तेथील विद्वानाने ते लिहून ठेवले. येथील विद्वानांनी कारागिरास विचारले नाही.

आता आमच्या अपराधाची कथा. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्यास आम्ही घरातील सर्व शस्त्रे उजळण्याचे मनावर घेतले. तलवार उजळून आली. तिरकमठा मात्र गाठींनी खडबडीत, धुराने काळा. तो तिच्याशेजारी ओशाळवाणा दिसे. आम्ही तो एका सुताराच्या दुकानी दिला आणि यंत्राच्या पॉलिशपेपरने काचेसारखा गुळगुळीत करून घेतला. गाठींचे उंचवटे पाठीच्या सपाटीत आणविले. वर चकचकीत वार्निशचे तीन हात देवविले. सुताराचा यात दोष नाही. त्याने आम्ही सांगितले तेच केले. पूजेच्या दिवशी तिरकमठा इतका सुंदर दिसला की आलेल्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला. नातवाने हट्ट धरला म्हणून आम्ही दोरी चढविली आणि हातभर ओढली. तिसऱ्या गाठीपाशी काडकन आवाज झाला. आमच्या पाचसहा पिढ्यांनी पूजिलेली वस्तू दोन तुकडे होऊन अंगणात पडली.

ते तुकडे त्या वृद्ध कारागिरापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी प्रथम वार्निशचा वास घेतला, मग तुटलेल्या जागी अंगठा फिरविला. म्हणाले, "साहेब, तुम्ही गाठ कापली. गाठ म्हणजे त्याचं हाड आहे. हाड घासून माणूस सुंदर होते काय?" गाठीपाशी धागे थोडे वर चढून वळतात; उंचवटा सपाट केला की ते सारे धागे तुटतात. म्हणून गाठीची फक्त धार मोडायची, गाठ ठेवायची. त्यांनी तुकड्याचे टोक उजेडाकडे धरले आणि दोरी अडकविण्याची खाच दाखविली. ती यंत्रातून वाचली होती. तिच्या कडेला बारीक गोलाई होती. पारिजातकाच्या पानाने, आमच्या पणजोबांच्याही आधी, कोणी तरी ती केली होती. त्यांनी त्या खाचेस नख लावून पाहिले आणि म्हणाले, "हे करणारा जाणता होता." त्याचे नाव ते सांगू शकले नाहीत. आम्हीही नाही.

ही कला क्षीण कशी झाली, याचे उत्तर आमच्या स्वतःच्या व्यवसायाच्या कागदांत आहे. 1878 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, तलवारी, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणांचाही स्पष्ट उल्लेख होता. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातला बांबू परवानगीवाचून तोडणे गुन्हा ठरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते, वन्यप्राणी उरले ते त्यामुळे. पण धनुष्याचे रोजचे काम संपले ते कायमचे. वनहक्कांच्या 2006 च्या कायद्याने बांबू गौण वनोपज म्हणून मान्य केला, तोवर बांबू फोडणारे हात म्हातारे झाले होते. आमच्या नोकरीच्या काळात जप्त वस्तूंच्या एका यादीवर आम्ही सही केल्याचे स्मरते: 'बांबूची कमान, जुनी, नग 1, किंमत निरंक.' सही करताना आम्हांस काही वाटले नाही. आज ती ओळ वारंवार आठवते.

धनुर्विद्या मात्र संपलेली नाही. भारतीय धनुर्विद्या संघाची स्थापना 1973 साली झाली. राष्ट्रीय स्पर्धांतील 'इंडियन राउंड' या प्रकारात बांबूच्या धनुष्याने 50 आणि 30 मीटरांवर नेम साधतात. गरिबाघरची कितीतरी मुले या खेळात याच दाराने शिरतात. 2023 साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे जगज्जेते झाले. त्यांची धनुष्ये धातूची, चाकांची, यंत्रात घडलेली. बख्त बुलंदाने वसविलेल्या शहरातील मुलाने धनुष्याने जग जिंकावे, याचा आनंद आम्हांस झाला. आणि आमच्या अंगणात पडलेले दोन तुकडेही त्याच दिवशी पुन्हा आठवले.

त्याच वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिण्याची इच्छा आता अनेकांच्या मनात आहे, आणि त्यासाठी आपल्या घराण्यांची दप्तरे उघडली जातील. त्या प्रसंगी आमची एक विनंती आहे. आपण आपला इतिहास फार घासून गुळगुळीत केला आहे. देवगड, गोंडांचा आसरा, कोणी तरी केलेली व आपण पूजिलेली आयुधे, या गाठी आपल्या कथनात सपाट झाल्या आहेत. ज्यांच्या घरी असा तिरकमठा, कावड, कुऱ्हाडीचा जुना दांडा असेल, त्यांनी तो उजळण्यापूर्वी एकदा डोंगरात जाऊन तो कोणी केला असेल हे विचारावे, जाणत्या माणसांची कृती लिहून घ्यावी, आणि लिहिताना त्यांच्या संमतीने त्यांचे नावही लिहावे.

आमच्या घरी आता दसऱ्याच्या पाटावर ते दोन तुकडे ठेवतो. वार्निश आम्ही खरवडून काढले आहे. सुरी उभी धरून, धाग्याच्या दिशेने. जवसाचे तेल वर्षातून दोनदा चोळतो. त्याने धनुष्य जुळणार नाही. अंगणातल्या पारिजातकाची पाने मात्र आम्ही आता केरात जाऊ देत नाही. नातू त्यांनी एक नवी पट्टी घासतो आहे, आणि गाठींपाशी आला की हात हलका करतो.